हुगळीच्या वळणावरून आलेली बिअर

कोलकाता शहराच्या नैर्ऋत्येस, खिदिरपूरच्या गोद्या मागे टाकून पुढे गेले म्हणजे हुगळी नदीच्या प्रशस्त वळणावर पूर्वतीराचा जो भाग लागतो, त्यास गार्डन रीच हे नाव अठराव्या शतकापासून चालत आले आहे. कंपनी सरकारचे वरिष्ठ अंमलदार आणि धनिक व्यापारी यांनी या तीरावर विस्तीर्ण बागांनी वेढलेली गृहे बांधली. एशियाटिक सोसायटीचे संस्थापक सर विल्यम जोन्स यांचाही बंगला याच परिसरात होता. आणि समोरच्या शिबपूरच्या तीरावर १७८७ साली जे वनस्पतिउद्यान स्थापन झाले ते आजही उभे आहे. विलायतेहून पाच-सहा महिन्यांचा जलप्रवास करून आलेल्या प्रवाशास, सुंदरबनातील दलदल आणि नदीमुखावरील गढूळ पाण्याचा कंटाळवाणा पट्टा ओलांडल्यावर, या हिरव्यागार वळणावर येताच कोलकाता आल्याची पहिली खूण पटत असे. पुढे १८५६ साली अवधचे पदच्युत नबाब वाजिद अली शाह येथेच, मटियाबुर्ज भागात, येऊन राहिले आणि १८८७ साली निवर्तले. आज त्या बागांच्या जागी जहाजबांधणीचा कारखाना, आग्नेय रेल्वेचे मुख्यालय आणि शिंपीकामाच्या असंख्य पेढ्या आहेत. नबाबाच्या मुदपाकखान्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या वळणावरून एकोणिसाव्या शतकात जी बिअरची पिंपे वर गेली त्यांच्याविषयी आपल्या भाषेत मात्र फारसे वाचावयास मिळत नाही. आणि आज पुण्याच्या एखाद्या पेठेबाहेरील वस्तीत, छोट्या मद्यशाळेत बसून, तेथेच तयार झालेला ‘इंडिया पेल एल’चा पेला समोर घेणाऱ्या रसिकास तर तो इतिहास अवश्य ठाऊक असावा, असे मला मनापासून वाटते.

जहाजांची मोठी धुडे कोलकात्यापर्यंत सहसा येत नसत. ती खाली डायमंड हार्बर किंवा खेजुरी येथे नांगर टाकीत, आणि मालाची पिंपे, पेट्या व गासड्या लहान नावांत उतरवून नदीमार्गे वर शहरात नेल्या जात. या मालात कंपनीचा स्वतःचा व्यापार जसा असे, तसा जहाजाच्या कप्तानांचा खाजगी व्यापारही असे. कारण कप्तान व अधिकारी यांस जहाजावर ठराविक जागा आपल्या हिशेबाने माल नेण्यासाठी मिळे. लंडनच्या पूर्वेस बो या ठिकाणी अठराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज हॉजसन याची जी मद्यनिर्मितिशाळा सुरू झाली, ती कंपनीच्या जहाजांच्या ब्लॅकवॉल येथील गोदीपासून जवळ होती, आणि हॉजसनने कप्तानांस दीर्घ मुदतीच्या उधारीवर बिअर देण्याची पद्धत ठेविली होती. कप्तानाने पिंपे न्यावीत, कोलकात्यात विकावीत, आणि परत आल्यावर पैसे चुकते करावेत, असा हा व्यवहार होता. कोलकात्याच्या वृत्तपत्रांतील जाहिरातींत हॉजसनच्या मालाचे नाव अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून आढळते.

या बिअरविषयी एक लोकप्रिय समजूत अशी की, साधी बिअर समुद्रप्रवासात नासत असल्यामुळे हॉजसनने हिंदुस्थानासाठी मुद्दाम अधिक कडू व अधिक तीव्र अशी नवी बिअर शोधून काढली. ही कथा आकर्षक असली तरी तिच्यात तथ्य थोडे आहे. सैनिकांसाठी काळपट ‘पोर्टर’ बिअर याच मार्गाने मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानात येत होती आणि ती पिण्याजोगी उतरत होती. हॉजसनने पाठविलेली फिकट बिअर ही इंग्लंडच्या ग्रामीण भागातील श्रीमंतांच्या तळघरांत दोन-दोन वर्षे मुरत ठेवली जाणारी, ऑक्टोबर महिन्यात तयार होणारी जुनीच जात होती. नवीन काही घडले ते प्रवासात घडले. विषुववृत्त दोनदा ओलांडणारे, केप ऑफ गुड होपला वळसा घालणारे, जहाजाच्या तळाशी उष्णतेत आणि हेलकाव्यांत सतत घुसळले जाणारे ते पिंप काही महिन्यांतच इतके मुरे की, तळघरात जे काम दोन वर्षांत होई ते समुद्रावर अर्ध्या वर्षात उरकले जाई. या मुरण्यात एका वेगळ्या, मंदगती किण्वाचा, म्हणजे यीस्टचा, हात होता, हे पुढे १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील क्लाउसेन यांनी इंग्लिश बिअरमधून तो वेगळा करून दाखविले आणि त्यास ‘ब्रेटॅनोमायसीस’ असे नाव दिले.

हॉप्स हे भांगेच्या कुळातील एका वेलीचे फूल आहे. त्याचे कार्य केवळ कडवटपणा आणणे एवढेच नव्हे. ते उकळले असता त्यातील आम्लांचे रूप पालटते आणि त्या पालटलेल्या आम्लांमुळे दुग्धाम्ल निर्माण करणाऱ्या जंतूंची वाढ खुंटते. हॉप्स भरपूर असावेत, साखरेचा अंश किण्वाने जवळजवळ संपवून टाकावा, मद्यार्क बेताचा पण पुरेसा असावा, आणि पिंपात शेवटी कोरड्या हॉप्सची आणखी एक मूठ टाकावी, एवढ्या गोष्टी साधल्या म्हणजे जंतूंस खाण्यास फारसे काही उरत नाही आणि उरले तरी ते खाण्याची शक्ती त्यांच्यात राहत नाही. इंडिया पेल एलचा कडवटपणा हा अशा रीतीने एका दीर्घ अंतराचा परिणाम आहे.

हॉजसनच्या वारसांनी १८२० च्या दशकात उधारी बंद केली, दर चढविले आणि जहाजी व्यापारही स्वतःच्याच हाती घेण्याचा प्रयत्न केला. साहजिकच कप्तान आणि कंपनीचे संचालक दुखावले गेले. त्याच सुमारास रशियाने विदेशी बिअरवर जबर जकात बसविल्यामुळे बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावातील मद्यनिर्मात्यांची बाल्टिक समुद्रावरची बाजारपेठ बुडाली होती. कंपनीच्या एका संचालकाने बर्टनच्या सॅम्युअल ऑल्सॉप यास हिंदुस्थानकडे लक्ष देण्यास सुचविले आणि लौकरच ऑल्सॉपची, त्यामागून बासची, पिंपे हुगळीत दाखल झाली. बर्टनकडे निसर्गदत्त असे एक भांडवल होते. तेथील विहिरींच्या पाण्यात जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा, अंश पुष्कळ असल्यामुळे हॉप्सचा कडवटपणा त्यात स्वच्छ व कोरडा उतरे आणि बिअर निवळ होई. लंडनचे पाणी काळ्या पोर्टरला मानवे. फिकट बिअरला बर्टनचेच मानवले. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हा शब्दप्रयोग छापील स्वरूपात १८२९ साली सिडनीच्या एका वृत्तपत्रात आढळतो. हिंदुस्थानासाठी तयार झालेला माल तोवर ऑस्ट्रेलियातही नावाने ओळखला जाऊ लागला होता, हे त्यावरून दिसते.

कोलकात्याच्या उष्म्यात ही बिअर थंड करण्याचे काम आबदाराकडे असे. शोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, या गुणधर्माचा उपयोग करून आबदार शोऱ्याच्या पाण्यात बाटल्या फिरवीत राही. शोरा बिहार-बंगालमध्ये विपुल मिळे. पुढे १८३३ च्या सप्टेंबरात ‘टस्कनी’ नावाचे जहाज बोस्टनहून अमेरिकेतील तळ्यांचा गोठलेला बर्फ घेऊन हुगळीत आले. निघताना सुमारे १८० टन असलेल्या बर्फापैकी शंभर टनांच्या आसपास शिल्लक होता, आणि तो साठविण्यासाठी शहरातील लोकांनी वर्गणी काढून बर्फघर उभारले. आबदाराच्या विद्येला तेव्हापासून उतरती कळा लागली.

शीतनाची सोय नसताना या देशात बिअर बनविणे हे थंड हवेच्या ठिकाणीच शक्य होते. म्हणून एडवर्ड डायर याने कसौलीस, आणि पुढे इतरांनी मरी व निलगिरी यांसारख्या डोंगराळ मुलुखात, आपले कारखाने काढले. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे याने म्युनिकच्या एका मद्यनिर्मात्याच्या साहाय्याने अमोनियावर चालणारे शीतयंत्र सिद्ध केल्यावर ही अट सुटली. त्यासरशी कमी तापमानात, सावकाश आंबणाऱ्या, स्वच्छ सोनेरी ‘लागर’ बिअरचे राज्य जगभर पसरले. आपल्याकडे दुकानांतून बाटलीत मिळणारी बिअर बहुतांशी त्याच जातीची आहे. कारखाने मोठे होत गेले, त्यांची संख्या घटत गेली, आणि एकाच चवीची बिअर हजारो मैल दूर पाठविण्याजोगी करण्यासाठी ती गाळून, तापवून, बाटलीबंद करणे हा नियम झाला.

या एकसुरीपणाविरुद्ध इंग्लंडात १९७१ साली ग्राहकांची चळवळ उभी राहिली, अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने घरगुती बिअरनिर्मितीस मोकळीक मिळाली, आणि त्यातून ‘क्राफ्ट बिअर’ म्हणून ओळखला जाणारा छोट्या मद्यशाळांचा संप्रदाय वाढला. महाराष्ट्रात त्याचा आरंभ २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ने केला. त्यानंतर बंगळुरात इंदिरानगरला ‘टॉइट’, मुंबईत लोअर परळला ‘बार्किंग डिअर’, पुण्यात मुंढव्यास ‘इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी’ अशी ही परंपरा विस्तारली, आणि कोलकात्यातही गेल्या काही वर्षांत अशा मद्यशाळा निघाल्या.

अशा मायक्रोब्रुअरीत गेल्यावर मेजाकडे वळण्यापूर्वी काचेच्या भिंतीमागील भांडी पाहावीत. पहिल्या भांड्यात मोड आणून वाळविलेले आणि भरडलेले जव, म्हणजेच माल्ट, सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर भिजत असते. मोड येताना धान्यात जे पाचकद्रव्य निर्माण झालेले असते ते या उष्णतेत पिष्टाचे शर्करेत रूपांतर करते. तापमान थोडे कमी ठेवले तर किण्वास पचणारी साखर अधिक होऊन बिअर कोरडी होते, थोडे वाढविले तर न पचणारी साखर मागे राहून ती भरदार होते. दोन-तीन अंशांच्या या फरकावर कारागिराचे निम्मे कौशल्य अवलंबून असते. गाळलेला गोड रस दुसऱ्या भांड्यात तासभर उकळतो आणि त्यात टप्प्याटप्प्याने हॉप्स पडतात. आधी पडलेले कडवटपणा देतात, शेवटी पडलेले सुगंध देतात. मग रस झपाट्याने निववून शंक्वाकृती बुडाच्या बंद भांड्यात किण्वाबरोबर सोडला जातो. एल जातीच्या बिअरला १८ ते २२ अंशांचे ऊबदार तापमान लागते आणि ती दोन-तीन आठवड्यांत तयार होते. लागरला बरीच अधिक थंडी आणि बराच अधिक काळ द्यावा लागतो. बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा जो गंध जाणवतो, तो केळे किंवा लवंग घातल्यामुळे येत नाही. त्या जातीचे किण्वच आंबविताना ही द्रव्ये निर्माण करते.

पाण्याचा प्रश्न आज बर्टनच्या विहिरींवाचून सुटतो. नळाच्या पाण्यातील क्षार काढून टाकून, हवे तेवढे जिप्सम किंवा अन्य लवण मोजून मिसळता येते. गार्डन रीचला आज हुगळीचे पाणी शुद्ध करून दक्षिण कोलकात्यास पुरविणारे मोठे जलशुद्धीकरण केंद्र आहे. ज्या नदीवरून बर्टनच्या पाण्याची बिअर एके काळी सातासमुद्रापलीकडून आली, तिच्याच पाण्याला आज रसायनशास्त्राच्या आधारे बर्टनचे रूप देणे कठीण नाही.

आता शाकाहारी ग्राहकाचा प्रश्न. जव, गहू, हॉप्स, पाणी आणि बुरशीवर्गातील किण्व, एवढ्या घटकांत प्राणिज असे काहीच नाही, म्हणून बिअर शाकाहारीच असणार असे पुष्कळ लोक धरून चालतात. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. बिअर निवळण्यासाठी युरोपात दीर्घकाळ ‘आयसिंग्लास’ वापरले गेले. हा माशाच्या वाताशयापासून काढलेला चिकट पदार्थ होय. आपल्या कोकणातील कोळी घोळ माशाच्या ज्या अवयवास ‘भोत’ म्हणतात, तोच हा अवयव. त्याचे धनभारित कण ऋणभारित किण्वपेशींना धरून तळाशी बसवितात आणि वरची बिअर स्फटिकासारखी स्वच्छ दिसते. मूळचा उत्तम माल रशियातील स्टर्जन माशाचा. तथापि हुगळीच्या मुखाजवळील माशांपासूनही तो काढता येईल, असा विचार बंगालमध्ये १८३० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आला आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन फोर्ब्स रॉयल यांनी १८४२ साली हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील आयसिंग्लासच्या उत्पादनावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. ज्या नदीतून बिअर वर जात होती, त्याच नदीतील मासा बिअर निवळण्यासाठी विलायतेस पाठवावा, अशी ही योजना होती. आज छोट्या मद्यशाळांतील बरीचशी बिअर न गाळता, किंचित गढूळ अशीच वाढली जाते आणि नुसत्या थंडीने व काळाने निवळते. तरीही निवळण्यासाठी काय वापरता, हे विचारणे ग्राहकाचा अधिकार आहे आणि जाणकार मद्यकार त्याचे उत्तर आनंदाने देतो. ‘मिल्क स्टाउट’मध्ये दुधातील शर्करा असते, कारण ती किण्वास पचत नाही आणि म्हणून गोडी शिल्लक राहते; दूधही वर्ज्य करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

शाकाहारी अन्न आणि बिअर यांचा मेळ मांसाहारापेक्षा कमी प्रतीचा असतो, हा ग्रह मला सर्वथा अमान्य आहे. दोहोंचे मूळ धान्यात आहे, आणि या दृष्टीने बंगालच्या ‘निरामिष’ पाकपरंपरेचा विचार फार उद्बोधक ठरतो. वैष्णव कुटुंबांत आणि विशेषतः विधवांवर लादलेल्या कठोर आहारनियमांत कांदा, लसूण आणि मसुरीची डाळ हीसुद्धा वर्ज्य असत. त्या स्त्रियांनी या दारुण बंधनातून केळफुलाची भाजी, कच्च्या फणसाची ‘एचोड’, डाळ वाटून तळलेल्या वड्यांचा ‘धोकार डालना’ आणि खसखशीचे नानाविध प्रकार इतक्या कौशल्याने निर्माण केले की, आज त्या पाककलेसमोर आदराने मस्तक लवते. कच्च्या फणसाला तर तेथे ‘गाछपाठा’, म्हणजे झाडावरचा बोकड, म्हणतात. बंगालच्या स्वयंपाकघरात खसखस इतकी रुजली, याचे कारण कंपनीच्या अफूच्या शेतीत सांगितले जाते.

खसखशीचे तळलेले वडे, बेसनात घोळून तळलेली वांग्याची ‘बेगुनी’, किंवा आपली कोथिंबीरवडी व बटाटेवडा, यांच्यासमवेत कडवट पेल एल उत्तम जमते. कारण तिच्यातील कर्बवायू आणि हॉप्सचा कडवटपणा जिभेवरील तेलाचा थर दूर करून पुढचा घास पहिल्याइतका ताजा करतात. तिखटाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. मिरचीतील तिखट द्रव्य आणि मद्यार्क ही दोन्ही जिभेवरील एकाच संवेदनास्थानाला चेतवितात. त्यामुळे झणझणीत मिसळीवर तीव्र, कडू बिअर घेतली तर आग शमण्याऐवजी भडकते. अशा वेळी मद्यार्क कमी, कडवटपणा अल्प आणि गोडसर असलेली गव्हाची बिअर मागावी. हीच बिअर नारळाचे काप घातलेल्या बंगाली छोलार डाळीबरोबर, तिच्यातील लवंग-वेलदोड्याच्या गंधामुळे, विशेष शोभते. भाजलेल्या जवाची काळी स्टाउट आणि हिवाळ्यातील नव्या खजुरी गुळाचा संदेश हा संयोग तर मी सर्वश्रेष्ठ मानतो. थालीपिठाची भाजणी आणि माल्ट यांचे नाते तर सख्खेच, कारण भाजलेल्या धान्याचा तोच खमंगपणा दोहोंत असतो. थालीपिठावर लोण्याचा गोळा असल्यास तांबूस, माल्टप्रधान एल घ्यावी. रस काढून उरलेल्या जवाच्या चोथ्यात प्रथिने व तंतू भरपूर असतात. तो बहुधा गुरांच्या पेंडीत जातो, पण काही ठिकाणी त्याचा पाव किंवा पिझ्झ्याचा तळ करतात. मेनूत तो दिसल्यास अवश्य मागवावा. आपल्या मद्यशाळांनी कोकम, जांभूळ आणि भरड धान्ये यांचे जे प्रयोग चालविले आहेत, ते मला अतिशय आशादायक वाटतात, कारण आपल्या मातीतील बिअर तयार होण्याचा मार्ग तोच आहे.

महाराष्ट्रात या सर्व व्यवहारावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा अंमल अद्यापि आहे. अबकारी परवान्याच्या अटींवरच या मद्यशाळा चालतात, बिअरसाठी वयाची २१ वर्षे पुरी असावी लागतात आणि तीव्र मद्यासाठी २५. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणे हा मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि क्राफ्ट बिअरमधील मद्यार्क पाच-सहा टक्के किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. तेव्हा ही मद्यशाळा आपल्याच वस्तीत, पायी जाण्याजोग्या अंतरावर असणे हा तिचा मोठा गुण समजावा.

जेथे बिअर वाढली जाते तेथेच ती तयार होत असेल, तर तिला सहा महिन्यांचा समुद्र ओलांडावा लागत नाही. मग तिच्यात हॉप्स किती असावेत, हे अंतर ठरवीत नाही, चव ठरविते. म्हणून अशा ठिकाणी गेल्यावर पूर्ण पेला मागविण्याआधी लहान पेल्यांत चार प्रकार चाखून पाहावेत, कोणते भांडे केव्हा भरले ते विचारावे, आणि हॉप्सप्रधान बिअर नव्याने भरलेल्या भांड्यातीलच घ्यावी. हॉप्सचा सुगंध काही आठवड्यांतच उडून जातो.